तांबडी कोंबडी

प्रिय अनु,

काल सकाळी गाडीत तू विचारलंस, "आई, तू रोज प्रार्थनेत दिवस देवाच्या हाती देतेस, मग दिवसभर परत का घेतेस?" मी हसले आणि रेडिओ लावला. तुला शाळेत सोडल्यावर ऑफिसच्या पार्किंगमध्ये बराच वेळ नुसती बसून होते. पप्पांच्या नोकरीची काळजी, रात्री तीनला उठून माझे हिशेब, हे सगळं तुला दिसत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

राहुरीची बाई तुला आठवते ना, फोटोतली, नऊवारीतली? माझी आजी. सुगीनंतर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपकारस्तुती असायची. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. एके वर्षी बाईनं तिची तांबडी दिली, रोज अंडं देणारी. प्रभूला उरलंसुरलं द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. उपासनेनंतर अंगणात लिलाव. तांबडीवर कुणीतरी बोली लावली आणि बाईला राहवेना. पाच रुपये वर, आणखी पाच वर, करत तिनं स्वतःचीच कोंबडी सोडवली आणि पदराखाली धरून घरी आणली. पाळकसुद्धा हसत होते. "दिली ती दिलीच," बाई म्हणाली, "ही आता विकतची." पुढच्या वर्षी पुन्हा तीच कोंबडी वेदीपुढे!

रात्री घरी उपासना. आजोबा पेटीवर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे आणि आम्ही पोरं कधी संपतंय याची वाट बघायचो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा, हे आजोबा दर वेळी सांगायचे. बाई तिथूनच म्हणायची, "पाच वर्षं घेतली तिनं. शहाणी बाई."

सगळंच गोड नव्हतं हं. रत्नामावशीची शाळा सातवीत थांबवली, तेव्हाही घरात "प्रभूची इच्छा" म्हणाले. ती प्रभूची की आजोबांची, हे कुणी विचारलं नाही. ते शब्द मला अजून टोचतात, आणि तरी परवा फोनवर मीच ते वापरले. तू ऐकलंस बहुतेक.

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." तू इंग्रजीत म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे पाव येत असेल. माझ्यापुढे बाईची चूल येते. आणि मागायची ती फक्त आजची. सहा महिन्यांची एकदम मागायची सोयच नाही त्यात, आणि माझं भांडण नेमकं तिथेच आहे. म्हणून सकाळी देते, आठ वाजेपर्यंत परत घेते. बाईला निदान पैसे तरी मोजावे लागले होते.

तू डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. तुझ्या वयाची असताना मीही उघडेच ठेवायचे, बाईचे मिटलेत का ते बघायला. उद्या गाडीत परत विचार. रेडिओ लावणार नाही.

तुझी,
आई