‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘सध्या’ की ‘लवकरच’?

सोलापूरच्या टॉवेल कारखान्याला इंग्लंडमधील ग्राहकाने लिहिलेल्या ज्या वाक्याबद्दल आपण विचारले आहे, त्या ‘वुई शॅल सेंड द पेमेंट प्रेझेंटली’मध्ये ‘प्रेझेंटली’चा अर्थ ‘सध्या’ नसून ‘लवकरच’ असा आहे. म्हणजे रक्कम अजून निघालेली नाही. अर्थ ठरतो तो क्रियापदाच्या काळावरून. भविष्यकाळासोबत हे क्रियाविशेषण आले की ‘लवकरच’ समजावे आणि ‘द लूम्स आर प्रेझेंटली आयडल’ अशा वर्तमानकाळी वाक्यात ‘सध्या’ समजावे. जुन्या कथांत भूतकाळी क्रियापदाबरोबर ते ‘थोड्याच वेळात’ असे वाचावे लागते. ‘प्रेझेंट’ हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी ‘समोर असणे’ ही कल्पना आहे. त्यामुळे ‘प्रेझेंटली’ आरंभी ‘ताबडतोब’ या अर्थानेही वापरत. पण ‘आत्ता आलो’ म्हणून गेलेला माणूस अर्ध्या तासाने उगवतो, तशी त्यातली तातडी हळूहळू ओसरली. इंग्रजीतल्या ‘सून’ (लवकरच) या शब्दाचेही असेच झाले. ‘सध्या’ हा अर्थही जुनाच असून तो स्कॉटलंड आणि अमेरिकेत टिकला, म्हणून त्याला चूक म्हणणे मला पटत नाही. मात्र काळावरून निर्णय होत नसेल, तर तर्क न करता ग्राहकाला तारीखच विचारावी, आणि आपल्या उत्तरात ‘सध्या’साठी ‘करंटली’ किंवा ‘लवकरच’साठी ‘सून’ लिहावे.