फुकटच्या केसचीही तारीख असते

प्रश्न : सनद घेऊन चार वर्षं झाली, तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते. पोटगीच्या, घरगुती हिंसाचाराच्या बऱ्याच केसेस पैसे न घेता चालवते. टायपिंग, झेरॉक्स, तिकिटं सगळं माझ्याच पर्समधून. घरचे म्हणतात, ‘वकिली करतेस की धर्मशाळा चालवतेस?’ सीनियर म्हणतात, अशानं फी देणारा पक्षकार फिरकणार नाही. काय करावं?
— एक वकील, सांगली जिल्हा

उत्तर : फी देणारा पक्षकार येतो हो, त्याची काळजी सोडा. पण पर्स आधी बंद करा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला लावा आणि तुम्ही स्वतः समितीच्या वकिलांच्या पॅनेलवर नाव द्या. मानधन तुटपुंजं, कधी जमा होईल ते विचारू नका. पण टायपिंगचा भुर्दंड तरी तुमच्या डोक्यावर राहत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याला सत्तावीस वर्षं काळा कोट घालतेय. सुरुवातीला डायरीत अशा केसपुढे ‘मो.’ लिहायची, मोफत. एकदा एका बाईच्या पोटगीच्या अर्जाची तारीख होती आणि त्याच दिवशी साताऱ्याला जमिनीच्या मोठ्या दाव्यात उलटतपासणी लागली. तिच्या अर्जापुढे ‘मो.’ होतं. ज्युनियरला म्हटलं, तारीख घे. तो विसरला. बाईची एसटी उशिरा आली. कोर्टाच्या रोजनाम्यावर लिहून झालं : अर्जदार व वकील गैरहजर, अर्ज निकाली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं रुमालाची गाठ सोडली, दोनशे रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “एवढं घ्या बाई, पण तारखेला या.” अर्ज पुन्हा बोर्डावर आणण्यात चार महिने गेले. तेवढे दिवस तिच्या दोन पोरांचं कसं भागलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ‘मो.’ लिहिणं तेव्हापासून बंद.

म्हणून माझा हिशेब असा : एका वेळी पाच मोफत केसेस, सहावी नाही. सहावी आली तर समितीकडे पाठवते, नाहीतर विधी सेवेच्या हेल्पलाइनचा १५१०० हा नंबर लिहून देते. ‘नाही’ म्हणायला मला फार वर्षं लागली, तुम्ही लवकर शिका.

आणि महिन्यातून एकदा सबजेलला चक्कर मारा. बीडकडचा एक ऊसतोड मजूर मला तिथं भेटला. गुन्हा जामीनपात्र, तरी बारा दिवस आत. जामीनदाराचा सातबारा लागतो, आणि परक्या मुलखात त्याला सातबारा कोण देणार? आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर माणूस निर्धन समजून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावा, असं कायदाच सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४७८. अर्ज अर्ध्या पानाचा होता, संध्याकाळी तो फडावर परतला.

घरच्यांना काय सांगावं, ते मात्र मला विचारू नका. माझ्या सासूबाई अजून रोज विचारतात, “आज किती मिळाले?”