काळ्या रानातला मुरमाचा रस्ता: ट्रॅक्टरला नेमकं काय जोडायचं?

दादा, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पाणंदीपासून शेतातल्या घरापर्यंत ३०० मीटर रस्ता करायचाय, रान काळं, ट्रॅक्टर ४५ एचपीचा टू व्हील, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. विक्रेता म्हणतो पुढचा लोडर (माल उचलायचं खोरं) घ्या, मागचं ब्लेड (माती ओढायचं रुंद पातं) घ्या, जमलं तर लेव्हलरही घ्या. तुमच्याकडं पैसे एकाच अवजाराचे आहेत.

तर ब्लेड घ्या. बाकी सगळं भाड्यानं मिळतं. रस्ता करायचं काम आठ-दहा दिवसांचं, पण तो नीट ठेवायचं काम दरवर्षी दोनदा निघतं, आणि दोन तासांच्या त्या कामासाठी कुणी जेसीबीवाला तुमच्या शिवारात यायला तयार होत नाही. आला तर येण्याजाण्याचेही तास लावतो.

मी हे स्वतःच्या खर्चानं शिकलोय. पहिला रस्ता केला तेव्हा मे महिन्यात काळ्या रानावर थेट मुरूम ओतला, कल्टिव्हेटरला लाकडी फळी बांधून पसरवला आणि गावात ऐटीत सांगत फिरलो. भाद्रपदात त्याच रस्त्यावर सोयाबीनची ट्रॉली आसापर्यंत रुतली. खाली उकरून बघितलं तर मुरूम वर नव्हताच, चिखलात मिसळून गेला होता. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चाकाचा दाब पडला की वरचा मुरूम गिळत जाते. म्हणून अवजार निवडताना पहिला प्रश्न असा विचारायचा की पाणी रस्त्याबाहेर काढायला यातलं कोणतं उपयोगी पडेल. मुरूम कशानं पसरायचा हे त्याच्या नंतर.

पाणी बाहेर काढायचं म्हणजे रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा, शिवाय कडेला चर हवी. मुरमाच्या रस्त्याला शंभराला चार इतका आडवा उतार पुरतो. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याला मधून कडेपर्यंत दीड मीटर, म्हणजे कड मध्यापेक्षा ६ सेंटिमीटर खाली. दाबल्यावर उंची थोडी बसते, म्हणून सुरुवातीला ७-८ धरा. डोळ्यानं हे कळत नाही, मला तरी कधी कळलं नाही. गवंड्याची पाण्याची नळी आणा, दर वीस पावलांवर एक खुंटी मध्ये आणि एक-एक दोन्ही कडांना ठोका, पाण्याच्या रेघेवर खुणा करा, कडांच्या खुंट्यांवर त्या खुणेच्या ७-८ सेंटिमीटर खाली दुसरी खूण करा आणि मधल्या खुणेपासून तिथपर्यंत दोरी बांधा. अर्धा दिवस जातो, पण पुढची दहा वर्षं सुखाची जातात.

हा उतार आणि ही चर लेव्हलरनं होत नाही. लेव्हलर सरळ सपाट करतो, त्याचा धर्मच तो. वाफे आणि भाताच्या खाचरांसाठी तो उत्तम, पण रस्त्यावर त्यानं काम केलं की मधे पाणी थांबतं. ब्लेड तिरकं करता येतं, म्हणून माती एका बाजूला ओळीनं सरकते. दोन्ही कडांकडून मध्याकडं अशी ओढत आणली की मधला उंचवटा आपोआप तयार होतो.

आता ब्लेडची लांबी. इथं बहुतेक जण फसतात, कारण दुकानात सहा फुटीच आधी पुढं येतं. ब्लेड ३० अंशांत तिरकं केलं की ते तितकं रुंद राहत नाही. सहा फुटी उरतं साधारण ५ फूट २ इंच, सात फुटी उरतं ६ फूट, आठ फुटी जवळजवळ ७ फूट. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. माझ्या ट्रॅक्टरला ते पावणेसहा फूट भरलं. म्हणजे सहा फुटी ब्लेड तिरकं लावलं की चाकाची कड पात्याच्या बाहेर राहते, आणि जी मातीची ओळ आपण ओढून आणली तिच्यावरच पुढच्या फेरीत चाक चढतं. मी मागून घेतलेल्या सहा फुटी ब्लेडनं एक पूर्ण दुपार असं नाचत काम केलंय. सात फुटी तुमच्या ट्रॅक्टरला पेलेल. आठ फुटी ओढताना तो कुरकुरेल, विशेषतः चर काढताना.

घ्यायच्या आधी ते ब्लेड जमिनीवर टेकवून तीन गोष्टी बघा. आडवं फिरतं का, म्हणजे तिरकं करायला खाचा किंवा भोकं किती आहेत. एक टोक खाली एक वर असं झुकतं का, कारण चर त्याच्यावरच निघते. आणि बाजूला सरकतं का, म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यावर ठेवून पातं बाहेर चरीत नेता येतं का. स्वस्तातल्या ब्लेडला पहिलीच सोय असते. दुसरी नसली तरी तुमच्या ट्रॅक्टरचा उजवा लिफ्टचा दांडा फिरवून थोडं झुकवता येतं, पण थोडंच. खालची पात बोल्टांनी बसवलेली हवी, वेल्डिंगनं नको. एक कड घासली की ती उलटून दुसरी कड वापरता येते आणि मग बदलता येते. ब्लेड ज्याच्यावर फिरतं त्या मधल्या खिळ्याच्या बुशीत आधीच ढिलाई असेल तर ते ब्लेड सोडून द्या.

लोडरबद्दल विक्रेत्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुमच्या ट्रॅक्टरसाठी नाही. टू व्हीलच्या पुढच्या आसावर भरलेल्या खोऱ्याचं ओझं आलं की स्टिअरिंग जड होतं, पुढचे टायर आणि बेअरिंग लवकर जातात, आणि मागची चाकं हलकी पडून घसरतात. मागं वजन बांधल्याशिवाय चालवताच येत नाही. आमच्या भावकीतल्या एकानं खोरं वर उचलून उतारावर वळवलं. ट्रॅक्टर एका बाजूला कलला, पडला नाही हे नशीब. फोर व्हील असतं तर मी थोडा विचार केला असता. तरीही हिशेब बघा. छोट्या लोडरचं खोरं साधारण ०.२५ ते ०.३० घनमीटर उचलतं, जेसीबीचं पुढचं खोरं साधारण एक घनमीटर. तुमचा मुरूम भरायला जेसीबीला दोन दिवस पुरतील, लोडरला आठवडा.

मुरूम किती लागेल ते आधी काढून ठेवा. ३०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, आणि सैल मुरूम १० सेंटिमीटरच्या दोन थरांत, म्हणजे २० सेंटिमीटर, दाबल्यावर साधारण १५. होतो १८० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे झाले ६३-६४ ब्रास. एका थराला एक ब्रास सव्वानऊ-साडेनऊ मीटर पुरतो, म्हणून आधीच ३० फुटांवर चुन्याच्या खुणा करा आणि ट्रॉलीवाल्याला सांगा की एका खुणेवर एकच ट्रॉली रिकामी कर. नाहीतर ते सगळे एकाच जागी डोंगर करतात आणि पसरायला तुमचं डिझेल जातं. ट्रॉलीही मोजा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २० इंच उंच भरली तर १०० घनफूट होते. माझ्याकडं आलेल्या ट्रॉल्या पंधरा-सोळा इंचच भरत होत्या आणि पैसे पूर्ण ब्रासचे मागत होते.

कोणता मुरूम, ते मुठीत कळतं. थोडा ओला करून दाबा, उघडा. गोळा राहिला आणि अंगठ्यानं दोन तुकड्यांत तुटला तर ठीक. हाताला चिकटला तर मातीच जास्त, पावसात तो लोणी होतो. गोळाच झाला नाही तर निव्वळ खडे आहेत, ते चाकाखाली सुटे राहून कडेला उडतात. नदीतले गोल गोटेही असेच, एकमेकांत धरत नाहीत. क्रशरची टोकदार खडी भुकटीसकट आणली तर ती बसते, तशी वरच्या थराला घालता आली तर चांगलंच. परवानगी मात्र आधी. मुरूम गौण खनिज आहे, तहसीलची परवानगी, रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास नसेल तर वाटेत अडवलेली ट्रॉली तुम्हाला रस्त्यापेक्षा महाग पडते.

कामाचा क्रम. जेसीबीनं वरची १५-२० सेंटिमीटर काळी माती खरवडून बांधाला टाका, ती शेतालाच कामाची आहे. दोन्ही बाजूला चर. जिथं पाणी रस्ता ओलांडतं तिथं मोरीचा सिमेंट पाईप, आणि त्यावर किमान फूटभर भराव. माती फारच चिकट असेल तर खाली डबर किंवा ओबडधोबड दगडांचा थर, त्याच्या फटींत मुरूम. मग ब्लेडचं काम.

दुसरं अवजार तुमच्याकडं आधीच आहे. नऊ फणांचा कल्टिव्हेटर. जुन्या पाणंदीचा कडक भाग मोकळा करायला त्यातले चार फण काढून पाच ठेवा. जोर थोड्या फणांवर येतो आणि ते आत शिरतात. रोटाव्हेटर मात्र रस्त्यावर कधीच नको. पाती तुटतातच, शिवाय तो खालची काळी माती वर आणून मुरमात कालवतो, ज्यापासून वाचायला आपण एवढं करतोय.

ब्लेड चालवताना बाजूच्या साखळ्या ताणून ठेवा, नाहीतर ते डुलतं. लिफ्ट पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे ब्लेड ठरवलेल्या उंचीवरच राहतं. टॉप लिंक, म्हणजे ब्लेडला ट्रॅक्टरशी जोडणारा वरचा मधला दांडा, आखूड-लांब केला की पातीचा कोन बदलतो; एका कोनात ती जमिनीत घुसते, दुसऱ्यात घसरत सपाट करते. कापायच्या फेऱ्या घुसणाऱ्या कोनात, शेवटची हात फिरवायची फेरी घसरणाऱ्या कोनात. ब्लेड पूर्ण उलटं फिरवून केलेली शेवटची फेरी तर आणखी गुळगुळीत होते. गती लो-सेकंडमध्ये, माणूस भराभर चालतो तेवढी.

दर थराला पाणी आणि रोलर. एका दिवसासाठी ८-१० टनी रोलर मागवला की भागतं, टँकर गावात असतोच. भरलेल्या ट्रॉलीनं दाबता येतं असं म्हणतात, पण ती दोन चाकोऱ्या दाबते, मधली पट्टी सैलच राहते.

गाड्यांची ये-जा सुरू झाली की रस्त्यावर आडव्या बारीक लाटा उठतात, गाडी खडखडते. त्यांची नुसती शेंडी कापली तर आठवड्यात परत येतात. लाटेच्या तळापर्यंत कापून, थोडं ओलं असतानाच मुरूम पुन्हा पसरा आणि दाबा. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, माझी तर दोन-अडीच तासांत ३५० मीटर उरकतात. चर मात्र फावड्यानंही बघावी लागते, ब्लेड पाईपच्या तोंडाशी पोचत नाही.

आणि एक, दुकानात जाताना चाकांचं माप घेतलेला टेप खिशात ठेवा. विक्रेता म्हणेल की सहा फुटी सगळेच नेतात. सात फुटी जमिनीवर तिरकं ठेवायला लावा आणि स्वतः मोजा.