शाळा औषधाची जबाबदारी घेत नाही, तेव्हा

‘शाळा म्हणते, औषधांची जबाबदारी आमची नाही, मग मुलीने दुपारचे इन्सुलिन घ्यायचे तरी कसे?’ हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. सहावीतल्या, टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन तयार होत नसल्याने ते रोज टोचून घ्यावे लागणारा मधुमेह) असलेल्या एका मुलीची आई मात्र निराळीच तक्रार घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सकाळची रक्तातली साखर ठीक आणि शाळेतून आल्यावर तीनशेच्या वर, यावरून मुलगी मैत्रिणींच्या डब्यातले गोड खाते आणि खोटे बोलते, असा घरच्यांचा ग्रह झाला होता.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा उलगडा झाला. वर्गात सुई काढायची नाही अशी ताकीद मिळाल्यामुळे ती मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन इन्सुलिनचे पेन टोचत असे. बटण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आत ठेवावी लागते. पण बाहेरून कोणी दार वाजवले की ती चार-पाचवरच सुई ओढून घेई आणि औषधाचा थेंब पोटावर राही. कधी कधी तर ती डोस टाळतच असे.

औषधाची जबाबदारी घ्यायला मुख्याध्यापिकांनी दिलेला नकार मला निष्ठुरपणाचा वाटला नाही. बहुतेक शाळांत परिचारिका नसते आणि काही चुकले तर बोट शिक्षकांकडेच दाखवले जाणार, ही भीती खोटी नाही. पालक ‘जरा लक्ष द्या’ म्हणतात, तेव्हा शाळेला ‘तुम्ही इंजेक्शन द्या’ असेच ऐकू येते. म्हणून आम्ही डॉक्टरांच्या सहीचे एक पानी पत्र तयार केले: डोस मुलगी स्वतः घेईल, शाळेने फक्त बसायला जागा द्यावी आणि एक मोठे माणूस जवळ असावे, घाम आला, हात थरथरू लागले किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि मधले खाणे खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये कळवलेले आहे, याचाही उल्लेख केला. धमकी म्हणून नव्हे, तर मुख्याध्यापिकांना संस्थाचालकांपुढे ठेवायला आधार हवा म्हणून.

ग्रंथालयातील एक कोपरा मिळाला. वापरलेल्या सुया शाळेच्या कचऱ्यात न टाकता जाड प्लास्टिकच्या डबीतून घरी न्यायच्या, असेही ठरले. (दम्याच्या मुलांसाठी एक सांगून ठेवते: तातडीचा पंप (इनहेलर) कार्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवू देऊ नका.)

आता आईला वाटते, मुलीने सगळ्या वर्गाला आजार सांगून टाकावा. मुलीने तो बाकावरच्या एकाच मैत्रिणीला सांगितला आहे. शिक्षकांना माहीत असणे आवश्यक आहे, पण वर्गाला कधी सांगायचे हे तिलाच ठरवू द्यावे, असे मी आईला सुचवले आहे.