वाचकांचे प्रश्न : अबुधाबीत अमेरिकेचेच अधिकारी कशाला?

प्रश्न : मुंबईहून अबुधाबीमार्गे न्यूयॉर्कला मुलीकडे जाताना अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच उरकते. तेथील अधिकारी म्हणे अमेरिकेहून आलेले असतात. त्यांच्या घराचा आणि भत्त्यांचा भार सोसण्यापेक्षा तिथलीच माणसे तयार का करत नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. १९५२ साली टोरांटोत सुरू झालेली ही पूर्वतपासणी आता आयर्लंड, बहामा, बर्म्युडा, अरुबा आणि २०१४ पासून अबुधाबी येथेही होते. तेथून सुटलेला प्रवासी न्यूयॉर्कला देशांतर्गत विमानाने आल्याप्रमाणे सामान उचलून थेट बाहेर पडतो. म्हणजेच अबुधाबीच्या खिडकीवर जे ठरेल ते सहसा अखेरचे असते. कोणाला देशात घ्यायचे, हा निर्णय पगारी का होईना, पण परक्या नागरिकाच्या हाती सोपवायला कोणतेही सरकार सहसा धजावत नाही. मुंबईतील अमेरिकी वकिलातीतही बरेचसे कागदोपत्री काम भारतीय कर्मचारी करतात, मात्र व्हिसा देणारा किंवा नाकारणारा अधिकारी अमेरिकीच असतो. स्थानिक माणसावर ओळखीपाळखीचे दडपण येते, आणि त्याच्यावर पहिला हक्क त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्याचा असतो, हेही आहेच.

याचा अर्थ हे अधिकारी तिथे सर्वेसर्वा असतात असे नाही. त्यांना परक्या भूमीवर कोणालाही अटक करता येत नाही. काही गैर आढळले तर यजमान देशाच्या पोलिसांना बोलवावे लागते. ज्याला प्रवेश नाकारला तो प्रवासी विमानात चढतच नाही, त्यामुळे त्याला अमेरिकेतून परत धाडण्याची यातायात वाचते. खर्चाचे म्हणाल, तर अबुधाबीत त्याचा मोठा वाटा अमिरातीचे सरकारच उचलते. फायदा मुख्यतः त्यांच्याच एतिहाद कंपनीला होणार, म्हणून अमेरिकी विमान कंपन्यांनी या केंद्राविरुद्ध बराच गदारोळ केला होता.

आमच्या मते रांगा लावणे, वृद्धांना मदत करणे आणि भाषेची अडचण सोडवणे यांसाठी स्थानिक माणसे अवश्य असावीत. परदेशातून आलेल्या अधिकाऱ्याला पासपोर्टवरील मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते हे ठाऊक असेलच असे नाही. त्याने विचारल्यास तेवढे शांतपणे सांगावे.