सेवेहून घरी परतल्यावर

प्रश्न : पाळकीणबाई, ख्रिस्तात सप्रेम सलाम. नंदुरबारच्या डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स म्हणून सेवा करून मी पिंपरीला परतले. तिथे पहाटे सगळे मिळून प्रार्थना करायचो. इथे नाइट शिफ्ट करून आले की बायबल हातात असतानाच डोळा लागतो. माझा विश्वास तिथेच राहिला का?
– एक भगिनी

उत्तर : बाळ, सलाम. विश्वास कुठे गेलेला नाही, सोबत सुटली आहे. तिथे घंटा वाजली की पाय आपोआप चॅपलकडे वळत. इथे तुला हाक मारणारं कुणी नाही. म्हणून आधी एक मैत्रीण शोध. ड्यूटीला निघताना फोनवर दोघींनी एक स्तोत्र वाचायचं, बस. १२१वं आठच वचनांचं आहे. झोप आली तर झोप. थकून झुडपाखाली निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणीच दिलं होतं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा वाच. दुष्टात्म्यांपासून बरा झालेला माणूस येशूबरोबर जायला निघाला, तर प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे धाडलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे छपाईचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले, तीही सेवाच. तुझ्या वॉर्डातल्या आजींची कूस बदलणं त्याच तोलाचं आहे.

मंडळीत लगेच संडे स्कूल गळ्यात घालतील. नाताळापर्यंत नम्रपणे नाही म्हण.