चिऱ्याचे जुने घर : दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे?

प्रश्न : दापोली तालुक्यातील आमच्या गावी आजोबांनी बांधलेले चिऱ्याचे कौलारू घर आहे. त्याचे वय नव्वदीच्या घरात असावे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मागच्या पाख्याची कौले उडाली, तेव्हा घाईघाईने तेथे सिमेंटचे पत्रे घातले, ते आजही तसेच आहेत. माजघराच्या भिंतींना गुडघाभर ओल चढते, न्हाणीकडील कोपऱ्यात तिरकी भेग पडली आहे आणि काही वाशांना वाळवी लागली आहे. ठेकेदाराच्या मते या घरावर पैसे घालणे व्यर्थ असून ते पाडून स्लॅबचे घर बांधावे. धाकट्या भावाने मधला मार्ग सुचवला आहे : भिंती तशाच ठेवाव्यात आणि छप्पर काढून त्यांवर स्लॅब टाकावा. दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर मी आणि पत्नी तेथेच कायमचे राहणार आहोत. घरात चुलत भावांचाही हिस्सा आहे. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी मधल्या मार्गाबद्दल लिहितो, कारण आपल्यासमोरील तीन पर्यायांत तोच सर्वांत धोक्याचा आहे आणि दिसायला मात्र तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मंगलोरी कौलांचे छप्पर रिपांसह दर चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते, तर पाच इंची स्लॅबचे नुसते स्वतःचे वजन ३०० किलोंच्या पुढे जाते. आपल्या आजोबांच्या काळातील गवंड्याने मातीत किंवा चुन्यात चिरे बसवून ज्या भिंती उभ्या केल्या, त्या हलक्या छपरासाठी होत्या. त्यांच्यावर चौपट-पाचपट भार चढवला, तर तो भार भिंतींपुरता राहत नाही, थेट जोत्याखालच्या पायापर्यंत पोहोचतो. शिवाय स्लॅब उन्हात प्रसरण पावतो आणि रात्री आकुंचन पावतो, त्यामुळे भिंतीच्या माथ्यावर आडव्या भेगा पडतात व पहिल्याच पावसाळ्यात त्यांतून पाणी आत येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि अशा प्रदेशात कमकुवत भिंतींवर जड माथा ठेवणे मला योग्य वाटत नाही. स्लॅब हवाच असेल, तर त्याला स्वतःच्या पायावर उभे राहिलेले स्वतंत्र खांब हवेत. म्हणजेच ते नवे घर झाले, आणि त्याचा हिशेबही नव्या घराचाच करावा.

आता मुख्य प्रश्न. घर ठेवावे की पाडावे याचा निर्णय बहुतेक जण छपराकडे पाहून घेतात, कारण गळती डोळ्यांना दिसते. माझ्या मते तो निर्णय जोते आणि भिंती पाहून घ्यावा. छप्पर हा कौलारू घराचा बदलण्याजोगा भाग आहे. आपले पूर्वज दरवर्षी घर शाकारत असत, कुजलेला वासा काढून नवा घालत असत आणि त्यात त्यांना विशेष काही वाटत नसे. जोते खचले आणि भिंती हलल्या, तर मात्र दुरुस्तीचा खर्च लवकरच नव्या बांधकामाच्या खर्चाला जाऊन भिडतो.

आपल्याकडे भिंतींचे दोन वेगळे दोष आहेत, ते एकत्र मोजू नयेत. ओलीपासून सुरुवात करू. आपले चिरे ज्यातून काढतात तो जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतील पाणी वर ओढतो आणि उघडा किंवा चुन्याच्या गिलाव्याखाली असेल, तर ते पाणी हवेत सोडूनही देतो. पुढच्या पिढीने त्यावर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढवला की पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. आपल्या माजघरात असे झाले आहे का, ते पाहा. त्याचबरोबर अंगणाची पातळी पाहा. वर्षानुवर्षे माती, खडी आणि आता फरशा घालत गेल्याने अनेक घरांचे अंगण जोत्याच्या निम्म्यापर्यंत चढलेले असते, आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात ते पाणी भिंतीलाच टेकून राहते. अंगण खाली घेणे, पागोळ्यांच्या रेषेत बाहेर उतार असलेला चर काढणे, सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करणे, ही कामे स्वस्त नसली तरी घर पाडण्याइतकी मोठीही नाहीत. केवळ ओलीच्या कारणावरून घर पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीतील पाण्याची वाट तशीच ठेवली, तर नव्या घरालाही ओल येते.

भेग मात्र गंभीरपणे घ्यावी. न्हाणीचे सांडपाणी वर्षानुवर्षे कोपऱ्याच्या पायात मुरले असेल किंवा जवळच्या झाडाचे मूळ पायाखाली गेले असेल, तर तो कोपरा खचतो आणि तिरकी, माथ्याकडे रुंद होत जाणारी भेग पडते. ती जुनी होऊन स्थिरावली आहे की अजून चालू आहे, हे ओळखण्याची साधी रीत अशी : भेगेवर दोन-तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंना सिमेंटने पक्क्या चिकटवाव्यात, शेजारी तारीख लिहावी आणि वैशाखापासून दिवाळीपर्यंत लक्ष ठेवावे. पावसाळ्यात जमीन फुगून पुन्हा आकसताना काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. निवृत्तीला दोन वर्षे असल्याने एक पावसाळा थांबणे आपल्याला परवडणारे आहे. त्याच सुमारास प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून घ्यावा. एका मजल्याच्या उंचीत दोन इंचांहून अधिक कललेली किंवा पोट काढलेली भिंत मी उतरवून घेण्याचाच सल्ला देतो. असा दोष एकाच भिंतीत असेल, तर छप्पर धिऱ्यांवर तोलून ती भिंत पायापासून नव्याने बांधता येते. दोन किंवा अधिक मुख्य भिंती हलल्या असतील, अथवा चिऱ्यांच्या सांध्यांतील माती धुऊन जाऊन त्यांत पेचकस वीतभर सहज शिरत असेल, तर मात्र ठेकेदाराचे म्हणणे मान्य करून घर उतरवावे.

वाळवीमुळे हताश होऊ नका. वाशांची भिंतीवर टेकलेली टोके आधी कुजतात, म्हणून तपासणी तेथून सुरू करावी. हातोडीने हलके ठोकल्यावर बोदा आवाज आला किंवा आरी सहज आत गेली, तर तो वासा बदलावा. खणखणीत आवाज देणारा सागाचा किंवा ऐनाचा जुना वासा आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ लाकडापेक्षा सरस असतो. छप्पर नव्याने करताना निसर्ग वादळाचा धडा विसरू नये. वाऱ्याची ओढ वळचणीला आणि आढ्याला सर्वांत जास्त असते, म्हणून वासे भिंतीवरच्या पाटाला, म्हणजे त्यांच्याखालच्या आडव्या लाकडाला, लोखंडी पट्ट्यांनी आणि तो पाट भिंतीत खोल बोल्टांनी जखडावा. मागचे सिमेंटचे पत्रे कायम ठेवू नका, उन्हाळ्यात त्यांखाली राहणे कठीण होते.

खर्चाची तुलना करताना दोन्ही बाजूंनी फसगत होते. दुरुस्तीत गिलावा काढल्यावर आतले खरे स्वरूप कळते, म्हणून अंदाजपत्रकात निदान चौथाई रक्कम राखीव धरावी. नव्या घराच्या आकड्यात पाडकाम, राडारोडा वाहून नेणे, नकाशा, परवानगी आणि वीज-पाण्याची नवी जोडणी बहुधा धरलेलीच नसते. दुरुस्तीची आणखी एक जमेची बाजू आहे : ती टप्प्याटप्प्याने होते. यंदा छप्पर, पुढच्या वर्षी जमीन आणि न्हाणी, असे करता येते. अर्धवट राहिलेल्या नव्या घराच्या उघड्या सळ्या मात्र किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात. काँक्रीटचे घर म्हणजे कायमची निश्चिंती, हा समजही सोडावा. सळीवरचे काँक्रीटचे आवरण पातळ राहिले, तर तेच खारे वारे स्लॅबचे पापुद्रे सोडवतात.

ठेकेदाराचा सल्ला अप्रामाणिकच असतो असे मी म्हणत नाही, पण ज्याला काम मिळणार आहे त्याच्यावर निदान सोपवू नये. बांधकामाच्या ठेक्याशी संबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर शुल्क देऊन गावी न्यावा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्यावा.

आणि या सगळ्याआधी कागद पाहावेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत आणि घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तपासा. घर एका कुटुंबाचे आणि जमीन दुसऱ्याची, ही कोकणातील जुनी गुंतागुंत आहे. घर उभे असेपर्यंत कोणी बोलत नाही, ते पाडले की हरकती निघतात आणि मोकळ्या जोत्यावर वाद वर्षानुवर्षे चालतो. चुलत भावांची लेखी संमती दुरुस्तीलाही घ्यावी. पाडायचे असेल, तर नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र झाल्याशिवाय एकही कौल उतरवू नये. गाव समुद्राला किंवा खाडीला लागून असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे नियमही पाहावे लागतील. तेथील ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्र वाढवता येत नाही.

आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मला हे घर वाचवण्याजोगे वाटते. आपण तेथे कायम राहणार, ही त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बंद कौलारू घर फार लवकर खचते, कारण सरकलेले एक कौल वेळीच जागेवर बसवणारे कोणी तेथे नसते.

प्रश्न : आमचे घर लातूर जिल्ह्यात असून दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे माळवद असे आहे. भिंती अडीच फूट रुंद आहेत, म्हणून वडील ते भक्कम समजतात. दुरुस्ती पुरेल का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : वडिलांचा विश्वास मी समजू शकतो, कारण उन्हाळ्यात या घरांसारखा गारवा नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे अशाच रुंद भिंतींखाली गेली. अशी भिंत बहुधा एकसंध नसते. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर आणि मध्ये माती-कपच्यांचा भराव, अशी तिची रचना असते. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्यात ते एकमेकांपासून सुटून पडतात. त्यात माळवदावर दरवर्षी माती टाकण्याची रीत आहे, आणि एक फूट जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होते.

तेव्हा आपल्याला माझे उत्तर दापोलीच्या वाचकांहून वेगळे आहे. भिंती फुगलेल्या असतील, तर घर उतरवून भूकंपरोधक पद्धतीने नवे बांधावे. भिंती सरळ असतील आणि लाकडी खण व खांब निरोगी असतील, तर माळवदाची माती काढून हलके छप्पर घालणे, भिंतीत ठिकठिकाणी आरपार छिद्रे पाडून सळी व काँक्रीटने दोन्ही थर एकत्र बांधणे आणि दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा घेणे, अशी मजबुतीकरणाची वाट आहे. हे काम अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. तोपर्यंत वडिलांनी निदान झोपण्यासाठी हलक्या छपराची खोली वापरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : घर पाडायचे ठरलेच आहे. जुन्या सामानाचे काय करावे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : पाडण्यापूर्वी घराची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, आणि जेसीबीऐवजी सुतार व गवंडी लावून घर वरून खाली उतरवावे. मातीत किंवा चुन्यात बसवलेले चिरे सहज सुटतात व गडग्याला, विहिरीच्या कठड्याला किंवा नव्या घराच्या पडवीला उपयोगी पडतात. सिमेंटमध्ये बसवलेले चिरे बहुधा तुटतात. खांब, तुळया, चौकटी यांवर खडूने क्रमांक घालावेत, खिळे काढावेत आणि लाकूड जमिनीपासून वर, छपराखाली, मध्ये पट्ट्या ठेवून रचावे. चांगली कौले आडवी न रचता उभी लावावीत. हे सारे दिवाळीनंतर सुरू करून मृगापूर्वी आटोपावे.